तोंड नसलेली घागर

आरं मीच हाय की! भूतबीत न्हाई, बजरंगच हाय. येसू, त्यो दगूड टाक खाली. असं काय बघताय डोळं फाडून? व्हय, काल मामासंगं मंबईला जानार व्हतो, वळकटी बांधली व्हती, तुमी दोघं येशीपातुर आलता बी. पन न्हाई गेलो. मामा गेला, मी ऱ्हायलो. का ऱ्हायलो त्ये सांगाया तर सकाळधरनं तुमाला हुडकतोय ह्या माळावर! बसा. कोंड्या, तू बी बस, गुरं काय कड्यावरनं कोकनात उडी टाकत न्हाईत. बसा म्हनतो ना. आनि मधी बोलू नका, माझं इसरंल.

तर झालं काय... न्हाई, कालचं आधी सांगून तुमाला कळायचं न्हाई. पार दिवाळीपास्नं सांगाय पायजे.

लोनावळ्याला रेल्वेनं खांब रोवल्यात न्हाई का, इजंवर गाडी वडायची म्हनून? त्या कामाचं एक हापिस निघालंय टेशनाच्या अंगाला. आत नुसतं नकाशं. घाटातला एकएक खांब, एकएक पूल, समदं कागदावर काढत्यात. आनि मंग त्या कागदावर आरपार दिसनारं कापड आंथरून खालची रेघ जशीच्या तशी वर उतरवत्यात. ह्ये काम करनाऱ्या मानसाला ट्रेसर म्हनत्यात. तसला एक मानूस त्यास्नी पायजे व्हता. महिपतीमास्तरास्नी कळलं. लोनावळ्याच्या शाळंत मला सातवीला व्हते न्हाई का, त्ये मास्तर. मी बाजाराला गेलतो तर मला भर रस्त्यात धरून म्हनले, "बजरंगा, तुझं अक्षर बरं होतं. चित्रकला येते का?"

मी म्हनलं, "न्हाई जी."

"मग शीक," म्हनले. बास! जसं काय म्हनावं, भूक लागलीय का, मंग जेव.

घरी आबाला सांगितलं तर आबा म्हनला, "शीक की. रखमाजीमामा जत्रंला येनार हाय, जाताना तुला मंबईच्या गोदीत घिऊन जानार हाय. तवर काय काढायचं त्ये काढ." मला वाटलं आबा चेष्टा करतोय. पन आबाचं ठरलं व्हतं. जमीन हाय ती थोरल्याला पुरती, मला कुटंतरी चिकटवाय पायजे. आनि त्या हापिसाची परीक्षा बी नेमकी मामाच्या जायच्या दिशीच आली. सकाळी परीक्षा, दुपारच्याला गाडी. जागा मिळाली तर हितंच, कुरवंड्यात, सकाळी जायचं नि सांजच्याला घरी. न्हाई मिळाली तर तसंच टेशनात, वळकटी घिऊन, मामाच्या मागं. मामा गोदीचं सांगतो तवा हसून सांगतो, पन एकदा म्हनला, "बजरंग्या, तितं वर बघितलं तर पत्रा, खाली बघितलं तर फरशी. आभाळ बघायला सुट्टी काढाय लागती." त्ये ऐकल्यापास्नं मला झोप न्हाई बघा. कड्यावर वाढलेला मानूस मी.

तर शिकाया लागलो.

मास्तरांनी पाटीवर ह्या टोकाला एक टिंब दिलं, त्या टोकाला एक. "जोड," म्हनले, "पट्टी न लावता." आता ह्यात काय हाय? मी जोडलं. मास्तरांनी पाटी चष्म्यापाशी नेली नि म्हनले, "गांडूळ छान आलंय. पुसून परत काढ." परत गांडूळच. पाटीभर गांडुळं! घरी आलो नि कोळसा घिऊन मागल्या भिताडावर टिंबं दिली, जोडली. वाकडी. परत जोडली. आजून वाकडी. आई शेनाचा हात तसाच घिऊन आली नि बघतच ऱ्हायली.

"आरं मुडद्या, सारवलेल्या भिताडावर ही सापाची पिल्लं कुनी सोडली?"

मी म्हनलं, "आये, ती रेघ हाय."

"रेघ आसती तर म्या वळाकली नसती व्हय?"

त्याच टायमाला भात निघालं व्हतं नि आबानं हरभऱ्यासाठनं नांगर धरला व्हता. आबाची कंबर धरली, म्हनून मला म्हनला, तू मार नांगराचं पैलं तास. पैलं तास वाकडं गेलं की समदं वावर वाकडं. म्हनून मी फाळाकडं नजर लावली, लय जपून, नि तास गेलं कुटं तर वड्याकडं! आबा मागनं वराडला, "आरं फाळाकडं काय बघतुयास? त्यो काय पळून चाललाय? समोरच्या बांधावरची करवंदीची जाळी दिसती का? तिच्यावर डोळं ठेव. तू तिला बघत ऱ्हा, नांगर आपसूक मागनं येतुय."

मी जाळीवर डोळं ठेवलं. चाललो. बांधाला लागून मागं वळून बघतो तर तास! दोरी लावल्यावानी! मी तसाच उभा. आनि माझ्या डोस्क्यात काय पेटलं म्हनून सांगू... नांगर तितंच टाकला, बैलं तितंच टाकली नि पळालो घरी. आबा वराडतोय, "आरं ए! कुटं निघाला? साप निघाला का?" मी काय ऐकतोय. कोळसा घेतला, दोन टिंबं दिली. कोळशाकडं बघितलंच न्हाई. लांबच्या टिंबावर डोळं ठेवलं, मनगाट ताठ, हात खांद्यापास्नं, नि सोडला.

कोंड्या, रेघ आली. अशी रेघ, जशी काय भिताडात आधीपास्नंच व्हती नि मी वरची धूळ तेवढी झाडली. अंगावर काटा आला माझ्या. परत काढली, परत आली. आबा काठी घिऊन दारात आला तवर अर्धं भिताड भरलं व्हतं. आबानं भिताड बघितलं, काठी बघितली नि म्हनला, "बैलं उभी हायेत." तेवढंच. मारलं न्हाई.

मला वाटलं झालं, आली चित्रकला. कसली येतीय! मास्तरांनी शाळंतली पान्याची घागर टेबलावर ठिवली. "हिचं तोंड काढ." घागरीचं तोंड गोल आसतं, शेंबड्या पोराला ठावं हाय. मी गोल काढलं, भाकरीवानी. मास्तर म्हनले, "तू काय आढ्याला लटकून हिच्याकडे बघतोयस का?" मंग मी त्यो गोल चेपला, तर दोन्ही कडंला टोकं आली. मास्तर म्हनले, "वा. करंजी. आता तळून आण." हसतोस काय येसू, तू काढून बघ! लांबट काढाय गेलं की टोक येतं, टोक मोडाय गेलं की भाकरी व्हती. भाकरी नि करंजी, करंजी नि भाकरी. कितीतरी दिस मी कागदावर नुसता सैपाक केला.

आनि एक दिस पहाटं जाग आली तर आई दळत व्हती. मी आंथरुनात उठून बसलोय, डोळं चोळतोय, समोर जातं. जात्याचा खुटा फिरतोय. आनि मी बघतोय तर खुटा गोल फिरतच न्हवता! ह्या अंगानं त्या अंगाला जायचा नि परत यायचा. पल्याडनं जाताना जरा वर, अल्याडनं येताना जरा खाली, नि दोन्ही कडंला वळताना टोक न्हाई, नुसतं वळन. मी उभा ऱ्हायलो. खुट्याची वाट रुंदावली! जात्यावर वाकून बरोबर वरनं बघितलं तर गोल, चांगली भाकरी. खाली व्हत व्हत डोळं पार जात्याच्या पाळीला लावलं, तर पाळीची नुसती एक रेघ!

आई म्हनली, "काय झालं रं? पोटात दुखतंय का?"

मी म्हनलं, "आये, दळत ऱ्हा, थांबू नगं."

आनि मी उठतोय, बसतोय, वाकतोय, परत उठतोय. जातं त्येच. आईचा हात त्योच. गोल बी त्योच. पन मी हाललो की त्यो उघडतोय नि मिटतोय, जसा काय डोळा हाय जात्याला! आरं, जलमल्यापास्नं ह्ये जातं बघतोय मी. रोज माझ्या म्होरं ह्ये चाललं व्हतं नि मला पत्त्या न्हाई.

मंग आईच्या हातावानीच केलं. पेन्शील आधी हवेतच फिरवायची, फिरवायची, फिरवायची, नि फिरता फिरताच कागदाला टेकवायची. मास्तरांनी बघितलं. कागूद उलटा करून बघितला. म्हनले, "कुणी दाखवलं?" मी म्हनलं, "आईनं." मास्तर म्हनले, "तुझी आई चित्रं काढते?" मी म्हनलं, "न्हाई जी, पीठ."

ऐका, आता खरी गंमत ऐका. मास्तर एकदा मला टेशनाच्या पल्याड रुळापाशी घिऊन गेले, जितं खंडाळ्याच्या अंगाला रूळ लांबवर सरळ जात्यात. म्हनले, "रूळ किती?"

मी म्हनलं, "दोन."

"शेवटपर्यंत दोन?"

मी बघितलं. आयला! लांब जाऊन दोनाचा एक झालता! येवढी वर्सं त्ये रूळ वलांडतोय आपन, पन मधी उभं ऱ्हाऊन असं कंदी कोन बघतं? मास्तर म्हनले, "जा, त्या टिपक्याला हात लावून ये." मी निघालो. जितं रूळ मिळालं व्हतं तितं पोचलो तर चांगलं दोन, नि टिपका आजून म्होरं! पळालो, तर त्यो बी पळाला. मागं वळून बघतो तर मास्तर करंगळीएवढं, नि त्यांच्या मागं बी रूळ मिळाल्यालं. म्होरं मिळाल्यालं, मागं मिळाल्यालं, नि फकस्त मी उभा हाय तितंच दोन! गँगमन झेंडी घिऊन धावत आला, "मरायचंय का रे!" म्हनून, तवा खाली उतरलो.

मास्तर म्हनले, "तो टिपका नेहमी तुझ्या डोळ्याच्या उंचीवर असतो. तू वर तर तो वर, तू खाली तर तो खाली. आभाळ टेकतं ती रेघसुद्धा तशीच." ह्ये काय मला पटंना. आभाळाची रेघ म्हंजी येवढी मोठी, सगळ्या मुलखाची, ती माझ्यापायी कशाला खालीवर व्हती? म्हनून घरी येताना तसाच नागफनीच्या कड्यावर गेलो. म्होरं समदं कोकन पसरल्यालं, नि पार शेवटाला, धुरकटात, आभाळ टेकल्याली रेघ. कड्याच्या तोंडाला कारवीचं एक झुडूप व्हतं, माझ्या छातीएवढं. उभं ऱ्हाऊन बघितलं तर रेघ झुडपाच्या शेंड्याच्या वर. बसलो. आनि येसू, रेघ खाली आली! झुडपाच्या मधावर! झुडूप हाललं न्हाई, कोकन हाललं न्हाई, मी बसलो तर आभाळ बसलं. उठलो, उठलं. परत बसलो, परत बसलं. मला पैल्यांदा हसू आलं, मंग भ्याव वाटलं, नि मंग मी हातच जोडलं बघा. कुनाला जोडलं ठावं न्हाई. येवढं थोरलं आभाळ, नि माझ्यासारख्याच्या संगं उठतं-बसतं.

आता कालचं.

सकाळी मी नि मामा गेलो. मामा हापिसाच्या वरांड्यात वळकटीवर बसला, बिडी पेटवली नि म्हनला, "उरक लवकर. गाडी काय तुझ्या रेघांसाठी थांबायची न्हाई." आत गेलो तर पुन्याची, तळेगावची पोरं, कोट, काळ्या टोप्या, पेन्शिलीला टोक करायचा चाकू बी चकचकीत. खोलीच्या मधी एक उंच घडवंची, तिच्यावर तांब्याची घागर, नि शेजारी खाली भुईवर एक लाकडी पेटी. भवतीनं उंच उंच स्टुलं. आनि मोठं सायेब उभं. आपलंच मराठी बोलनारं, पन पाटलोन, पांढऱ्या मिशा, आबापेक्षा बी वयानं मोठं.

आता तुमीच सांगा. येवढा पांढऱ्या मिशांचा मानूस उभा, नि मी त्याच्या म्होरं उंचावर चढून बसू? घरी आबा उभा आसला तर मी बाजंवर बसत न्हाई. मास्तर खुर्चीवर तर मी खाली, सदान् कदा. मी हात जोडलं, कागदाची फळी घेतली नि घातली मांडी भुईवर. शिपाई म्हनला, "अहो, स्टूल आहे." मी म्हनलं, "ऱ्हाऊ दे, हितं बरंय." कोपऱ्यातलं एक पुन्याचं पोरगं शेजाऱ्याला म्हनतंय, "पंगत बसली वाटतं. आता पत्रावळ मागेल." हसली समदी. हसू देत.

आधी रेघा काढायला लावल्या. डोळं लांबच्या टिंबावर, खांद्यापास्नं हात, झाल्या. मंग सायेब म्हनले, "आता समोर जे आहे ते काढा."

मी वर बघितलं.

घागरीला तोंड न्हाई!

आरं न्हाई म्हंजी दिसंचना. घडवंची केवढी उंच, मी केवढा खाली. डोळ्याच्या कितीतरी वर घागर. तिचं पोट दिसतंय, गळा दिसतोय, काठाची बाहेरली कड दिसती, पन तोंड न्हाई. येवढं ज्याच्यासाठनं भाकऱ्या नि करंज्या केल्या, आईला दळाय लावलं, त्येच न्हाई! भवतीची पोरं हात फिरवत्यात नि काय एकएकाच्या घागरीचं तोंड उतरतंय कागदावर, सुरेख, वळनदार. शेजारच्याची फळी कलल्याली व्हती, मला खालनं दिसत व्हतं. मनात आलं, उठावं नि स्टुलावर बसावं. पन सगळी बघतील, हसतील, नि सायेब म्हनतील ह्यो काय नाचतोय. मंग मनात आलं, नसंना दिसत, काढून टाकावं. येतंय की मला. झोपंत बी येतंय. घागर म्हनल्यावर तोंड पायजे, न्हाईतर कोन म्हनंल घागर? वरांड्यात मामाचं खोकनं ऐकू येत व्हतं. पेन्शील टेकवली बी व्हती बघा.

आनि मला आई दिसली.

म्हंजी तितं न्हाई. डोळ्याम्होरं. ल्हान आसताना पानवठ्यावरनं आईचा पदर धरून यायचो ना, चढावर दमलो की वर बघायचो. वर आईची हनुवटी, मंग चुंबळ, मंग घागरीचं पोट, मंग आभाळ. तोंड? कोंड्या, तुझ्या आईच्या डोईवरल्या घागरीचं तोंड तू कंदी बघितलंयस? येसू, तू? कुनी बघितलंय? पन कंदी आपन म्हनलो का, आये, तुझ्या घागरीला तोंडच न्हाई? आपल्याला घागर म्हंजी तीच! आधी ती बघितली आपन, तोंडाची मागनं बघितली.

हात एकदम हलका झाला. जसं दिसलं तसं काढत गेलो. काठ कसा, तर वर उचलल्यालं धनुक. गळ्याचं कडं बी तसंच, वर उचलल्यालं, पन जरा कमी. घागरीचं बूड फळीच्या कडंनं खाल्लं व्हतं, ते खाल्ल्यालंच ठिवलं. घडवंचीच्या फळीची खालची बाजू दिसत व्हती, तिला मारल्याला खिळा दिसत व्हता, त्यो बी काढला. मंग पेटी काढली. मामा दारात येऊन उभा ऱ्हायला, खांद्यावर वळकटी. मी बघितलं न्हाई त्याच्याकडं.

सायेबांनी कागूद गोळा केलं. टेबलावर एकएक बघत्यात, बाजूला ठेवत्यात. माझा आला नि हात थांबला.

"हे कुणाचं?"

मी उठलो.

"घागरीचं तोंड कुठे गेलं?"

त्यो पुन्याचा हळूच म्हनला, "गावाकडे ठेवून आला." परत हसली समदी. मी म्हनलं, "सायेब, त्ये तितनं दिसत न्हाई."

"कुठनं?"

"मी बसलो व्हतो तितनं."

"आणि तू खाली का बसलास?"

मी म्हनलं, "तुमी उभं व्हता ना जी."

सायेब माझ्याकडं बघतच ऱ्हायले. माझा कागूद हातात घेतला, चष्मा सारखा केला, नि आलं मी बसलो व्हतो तितं. आनि बसलं! आरं, भुईवर! पाटलोनीसकट! गुडघ्यावर हात ठिवून, जरा कन्हत, मांडी घालून बसलं. शिपाई धावला स्टूल घिऊन, त्याला हातानंच थांबवलं. एक डोळा मिटला. पेन्शील हात लांब करून धरली नि घागर मापली, कागूद बघितला, परत घागर बघितली. मला त्यांची टाळू दिसत व्हती. मी उभा नि त्ये खाली बसल्यालं, मला लाजंनं कुटं बघावं कळंना, म्हनून मी बी खाली बसलो, त्यांच्या शेजारी. दोघं बसलोय आपलं, घागरीकडं बघत.

सायेब हळूच म्हनले, "खिळासुद्धा आहे रे." जसं काय जत्रंत पाळना बघितल्याल्या पोरानं म्हनावं.

मंग बाकीच्यांना म्हनले, "या. एकेकानं इथे बसून बघा." आली समदी. कोट सावरत एकएक बसलं. त्यो पुन्याचा बसला, वर बघितलं नि म्हनला, "अरेच्चा, खरंच की! आमच्या घरी नळाखाली घागर, नेहमी वरूनच बघतो." मंग माझ्याकडं वळून म्हनला, "पंगतीला मी पण बसलो हो!" चांगला व्हता त्यो बी. सायेब त्याला म्हनले, "तुझं चुकलेलं नाही. स्टुलावरनं तोंड दिसतंच. तुझी रेघ ह्याच्यापेक्षा स्वच्छ आहे." मंग माझ्याकडं वळले. "आणि तू. पेटीची मागची कड पुढच्या कडेएवढीच काढलीस. तुझे रूळ कधी मिळायचेच नाहीत."

मी मान खाली घातली. खरं व्हतं त्ये. घागरीच्या नादात पेटी इसरलो. दारात मामानं वळकटी ह्या खांद्यावरची त्या खांद्यावर घेतली.

सायेब उठले. एक हात शिपायाच्या खांद्यावर, नि एक माझ्या. म्हनले, "पेटी शिकवता येते. रेघ घोटून होते. पण तोंड येत असून न काढणं... ट्रेसरचं सगळं काम तेवढंच आहे. खाली नाही ते वर उतरवायचं नाही." आनि म्हनले, "सोमवारपासून ये. फक्त आमची टेबलं उंच आहेत. स्टुलावर बसावं लागेल, मी उभा असलो तरी. जमेल का?"

मी म्हनलं, "जमवतो जी." आजून जमंल का न्हाई ठावं न्हाई.

भाईर आलो तर मामानं वळकटी उघडली, माझं धोतर काढून माझ्या हातात दिलं, भाकरीचं फडकं मातर स्वताकडं ठिवलं. म्हनला, "ही माझी. मी येवढा येळ बसलो." मंग माझा कान धरला, लय जोरात, नि सोडला. डोळं पुसत व्हता, म्हनला बिडीचा धूर गेला.

त्याला गाडीत बसवाय गेलो. गाडी सुटली. मामा खिडकीतनं हात हलवतोय. मी फलाटाच्या पार टोकाला जाऊन उभा. आनि गाडी चालली त्या टिपक्याकडं, जितं रूळ मिळत्यात. डबं ल्हान व्हत चालल्यात, खिडक्या मिटत चालल्यात, मामाचा हात काडीएवढा, मंग केसाएवढा. येवढी थोरली गाडी, लोखंडाची, मानसानं भरल्याली, एका टिपक्यात शिरली नि एक डबा बी मोडला न्हाई, एक मानूस बी चेपला न्हाई. मला ठावं व्हतं ना आता, तितं रूळ चांगलं दोन हायेत. तितं मामा हाय तेवढाच हाय, भाकरीचं फडकं सोडत आसंल. आनि मला एकदम वाटलं, आरं, त्यो आजून खिडकीतनं मागं बघत आसला तर? तर त्याच्याकडनं टेशनच टिपका झालं आसंल, नि त्यात मी! मामाला वाटत आसंल, बजरंग्या केवढासा ऱ्हायला. नि मी तर हितं हाय, येवढाच्या येवढा, काखंत धोतर घिऊन.

मी खाली बसलो फलाटावर. टिपका खाली आला. उभा ऱ्हायलो, वर गेला. परत बसलो. टेशनातला हमाल म्हनला, "काय हरवलंय का भाऊ?" मी म्हनलं, "न्हाई, सापडलंय." नि परत उठलो.